पास किती, सेकंड किती?

राजय्या मास्तर ग्राफिक्स कार्ड आधी उन्हात धरायचे. एक डोळा मिटून त्याची कड बघायचे, मग ते नाकाशी नेऊन हुंगायचे, मग त्याच्या पंख्याला करंगळीनं टिचकी मारून कान लावायचे. एवढं सगळं झालं की समोरच्या माणसाला म्हणायचे, "ह्याला लई राबवलंय की ओ. घेऊ नका." आणि तो समोरचा माणूस, ज्याच्या मोबाइलमध्ये त्याच कार्डाच्या दहा चाचण्यांचे आकडे असायचे, तो निमूटपणे कार्ड पिशवीत घालून परत करायला निघायचा.

हे सगळं मी शेजारच्या दुकानातून बघायचो. माझ्या दुकानावर 'कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती' अशी पाटी आहे. आत भिंतीवर काचेच्या चौकटीत माझा हार्डवेअरचा डिप्लोमा आहे. ग्राफिक्स कार्ड कसं चालतं, कुठं तापतं, किती वीज खातं, यावर मी तासभर बोलू शकतो. पण बोलायला समोर कुणी हवं ना! गिऱ्हाईक माझ्या दारापर्यंत यायच्या आधीच राजय्या मास्तरांची पायरी चढायचं.

उगीच आडपडदा कशाला ठेवू? मी या माणसावर जळत होतो. चांगली दोन वर्षं जळलो. हेव्यानं माणसाची अन्नावरची वासना उडते म्हणतात, माझी उलट वाढली. दुपारी मास्तरांच्या ओट्यावर चार माणसं दिसली की मी डब्यातली कडक भाकरी अशी कडाकडा चावायचो, की एकदा डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "अहो, भाकरीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं हलवणारा भाग. व्हिडिओ गेम खेळणारी मुलं ते घेतात. पण मध्यंतरी असा एक काळ आला, की हेच कार्ड रात्रंदिवस आकड्यांची कोडी सोडवायला बसवायचं आणि त्या बदल्यात एक न दिसणारं नाणं मिळवायचं, असा धंदा निघाला. त्याला मायनिंग म्हणायचे. खाण कुठंच नाही, फावडं नाही, घाम गाळायचा तो पंख्यांनी. मग कुठलं कार्ड सेकंदाला जास्त अंदाज बांधतं, म्हणजे कुणाचा हॅशरेट मोठा, यावर आमच्या सोलापुरातसुद्धा चहाच्या गाड्यांवर भांडणं व्हायला लागली. हिरव्या डब्यातलं कार्ड चांगलं की लाल डब्यातलं, यावरून मित्र मित्रांशी बोलेनासे झाले. डिप्लोमावाल्या माणसासाठी याहून चांगला काळ कुठला येणार? मी पाटीवर 'ग्राफिक्स कार्ड सल्ला' अशी एक ओळसुद्धा वाढवून घेतली.

आणि सल्ला कोण देत होतं? राजय्या मास्तर!

मास्तरांचा कॉम्प्युटरशी संबंध काय, तर काहीही नाही. आमचा हा पूर्व भाग मागांचा. चादरीवर जो मोर असतो, कमळ असतं, ते काही आपोआप उमटत नाही. जाड पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांना ठरावीक ठिकाणी भोकं पाडतात. जिथं भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो. अशा शेकडो पट्ट्या एकीला एक दोरीनं बांधून त्यांची साखळी मागाच्या डोक्यावर चढवली, की खाली चादरीत मोर उतरतो. त्या पट्टीलाही कार्डच म्हणतात. मास्तरांनी चाळीस वर्षं त्या कार्डांना भोकं पाडली. कार्ड उन्हात धरायची सवय तिथली. उन्हात धरलं की राहिलेलं भोक दिसतं. "एक भोक चुकलं की मोराचा डोळा शेपटीत जातंय सायेब," असं ते सांगायचे. त्यांच्या दुकानावर रंग उडालेली पाटी आहे. तिच्यावर एका बाजूला तेलुगूत आणि एका बाजूला मराठीत लिहिलंय, 'येथे सर्व प्रकारची कार्डे तयार करून व तपासून मिळतील'.

सगळा घोळ या पाटीनं केला.

टेंभुर्णीचे ट्रान्सपोर्टवाले शब्बीरभाई एके दिवशी आमच्या गल्लीत शिरले. हायवेवर त्यांच्या मालकीचे सात-आठ ट्रक. मायनिंगचं खूळ त्यांच्या डोक्यात कुणी भरलं देव जाणे, पण पुण्याहून एक जुनं कार्ड घेऊन ते निघाले होते आणि ते तपासायला त्यांना कुणीतरी माझ्याकडे पाठवलं होतं. हो, माझ्याकडे! 'पूर्व भागात, दोन दुकानं लागून आहेत' एवढा पत्ता त्यांच्याजवळ होता. गल्लीच्या तोंडाकडून येताना मास्तरांचं दुकान आधी लागतं. शब्बीरभाईंनी पाटी वाचली, 'सर्व प्रकारची कार्डे', आणि पायरी चढले.

मी गल्ल्यावरून सगळं बघत होतो. मास्तरांनी ते कार्ड दोन्ही हातांवर असं घेतलं, जसं बारशाला मूल घेतात. उन्हात धरलं. हुंगलं. टिचकी मारली. मला हसू आवरेना. म्हटलं आता हे गृहस्थ त्याला भोकं पाडायला घेतात की काय! आणि मास्तर म्हणाले, "ह्याला रात न्हाय दिवस न्हाय पळवलंय. उघडून परत मिटवलंय. तेल सुटलंय ह्याचं."

शब्बीरभाई चकित. "क्या की मास्टर, तुमे कैसा समजा?"

"हे बघा, स्क्रूची डोकी घासलीत. अन् हितं कडंला तेलाचा डाग हाय. मागाचं बेअरिंग मरायला लागलं की असंच तेल सोडतंय. अन् पट्टी वाकलीय, उन्हात धरा, दिसंल."

शब्बीरभाईंनी उन्हात धरलं आणि त्यांना दिसलं. मला सांगायला फार जड जातंय, पण मास्तरांचं बरोबर होतं. फार तापलेल्या कार्डाच्या आतल्या मऊ पट्ट्या तेल सोडतात. मी डिप्लोमाला हे शिकलो नव्हतो, नंतर इंटरनेटवर वाचलं. शब्बीरभाईंनी कार्ड परत दिलं. तेच कार्ड पुण्यातच दुसऱ्या कुणीतरी घेतलं, ते पंधरा दिवसांत बंद पडलं, आणि ही बातमी टेंभुर्णीपासून कुंभारीपर्यंत गेली. त्यानंतर मास्तरांची पायरी कधी रिकामी दिसली नाही.

मास्तर दिसायला किडकिडीत. पांढरं धोतर, वर बंडी, कानावर खडू. चाळीस वर्षं पंचिंग यंत्रावर पाय मारून उजवा पाय बसल्या जागी आपोआप हलतो. गिऱ्हाइकाशी बोलतानाही तो हलत असायचा, जणू त्या माणसाची नोंद कुठंतरी भोकांनी करून ठेवताहेत. शेजारी त्यांची बायको नरसक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायची. तिचं लक्ष विडीत आणि तोंड सगळ्या गल्लीत असतं. एखाद्यानं फार मोठं आकडेशास्त्र सुरू केलं, हे कार्ड सेकंदाला इतके कोटी अंदाज बांधतं वगैरे, की मास्तर हात वर करून त्याला थांबवायचे.

"ते ऱ्हाऊ दे. पास किती, सेकंड किती?"

हा त्यांचा हातखंडा प्रश्न. कारखान्यात दिवसाला किती चादरी विणल्या याला काही अर्थ नसतो. तपासनीस त्यातल्या किती पास करतो आणि किती खोटाचा माल, म्हणजे सेकंड म्हणून बाजूला टाकतो, त्यावर सगळं अवलंबून. मायनिंगमध्येही अगदी हेच होतं. कार्ड भराभर उत्तरं काढतं, पण ती जिथं जमा होतात तिथं चुकीची उत्तरं नाकारली जातात. पडद्यावरचा आकडा सगळ्यांना दिसतो, नाकारलेल्यांकडे कोण बघतो? मास्तर बघायला लावायचे. "पळणारा माग मालकाला दाखवायला चांगला. पोटाला चालणारा माग लागतंय."

आता यात विशेष काय आहे, सांगा? मीही हेच सांगितलं असतं. कदाचित. पण मी सांगितलं की लोक 'बरं, बघतो' म्हणायचे, आणि मास्तरांनी सांगितलं की माना डोलवायचे. माझी बायकोसुद्धा एकदा म्हणाली, "मास्तर सांगतात ते पटतं हो. तुमचं ऐकताना परीक्षा जवळ आल्यासारखं वाटतं."

सगळ्यात झोंबायचं ते पुढंच. निवाडा झाला की मास्तर माझ्या दुकानाकडे बोट करून म्हणायचे, "आता फिटिंग तितं करून घ्या. सायेब इंजिनेर हाईत." म्हणजे निवड त्यांनी करायची आणि स्क्रू मी पिळायचे! नवरदेव त्यांनी ठरवायचा आणि मांडव मी घालायचा! येणारा प्रत्येक माणूस माझ्यापुढं कार्ड ठेवताना 'मास्तरांनी पास केलंय' असं सांगायचा. मी ते उष्टं काम दातओठ खात करायचो. करायचो, कारण दुसरं काम फारसं नव्हतंच. हल्ली लोक कॉम्प्युटर दुरुस्त करत नाहीत, मोबाइल बदलतात.

मला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा या गल्लीनं मास्तरांपेक्षा माझा शब्द खरा मानावा, एवढीच इच्छा होती. आणि तशी संधी चालून आली.

शब्बीरभाईंना एकदम बारा कार्डं घ्यायची होती. मी सांगितलं हिरव्या डब्यातलं नवं घ्या, त्याचा वेग सगळ्यात जास्त. मास्तरांनी सांगितलं लाल डब्यातलं जुनं घ्या, हळू आहे पण थंड आहे. शब्बीरभाई माझ्या खुर्चीत बसून डोकं खाजवायला लागले.

"इंजिनेर साब, बुरा नक्को मानो. तुमी शिकलेले मानूस. पन मास्टर कभी चूक्या नै."

"मग लावा शर्यत," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच होता. "दोन्ही कार्डं एक-एक आणा. एक माझ्या दुकानात चालू दे, एक मास्तरांच्या. आठ दिवस."

"हौ, चलेगा!" शब्बीरभाई खूष झाले. "जिसका जित्या, उसकेच बारा लेता."

बारा कार्डांचं काम मोठं होतं, पण खरं सांगतो, त्या कामापेक्षा मला एक वाक्य हवं होतं. 'इंजिनेर साहेबांचं बरोबर होतं.' ते गल्लीत, चार माणसांदेखत, मास्तरांच्या पायरीवर उभं राहून कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते वाक्य मी मनात दोन-तीनदा म्हणूनही बघितलं.

वैशाख होता. सोलापूरचा वैशाख म्हणजे दुपारी डांबरावर चप्पल चिकटते. मी आतल्या केबिनमध्ये एसी लावला आणि हिरवं कार्ड बसवलं. नुसतं बसवलं नाही, त्याचा वेग कंपनीनं दिला होता त्याहून वर नेला. पडद्यावरचा आकडा असा फुगला, की मी त्याचा फोटो काढून बायकोला पाठवला. तिनं उत्तरादाखल अंगठा पाठवला.

तेवढ्यात मास्तर दारात.

"सायेब, जरा येता का? आमचं बसवून द्या की. मला ते उंदीर हलवायला जमत न्हाय." उंदीर म्हणजे माउस.

प्रतिस्पर्ध्याचं घोडंही मीच खोगीर घालून द्यायचं! पण गेलो. मनाचा मोठेपणा दाखवायची संधी कोण सोडतो? मास्तरांनी लाल कार्ड शहाबादी फरशीवर दोन विटांच्या मधे उभं केलं होतं. फरशीवर सकाळी पाणी मारलेलं, मागचं दार उघडं. मी माझ्याकडचा एक जुना कॉम्प्युटर नेऊन सगळं जोडून दिलं आणि वीज गेली तर म्हणून माझ्याच इन्व्हर्टरची वायरही तिकडे ओढून दिली.

"आता ह्याची वीज उतरवा," मास्तर म्हणाले.

"उतरवू? अहो, वाढवतात."

"उतरवा. माणसाला पोटभर जेवण घालून उन्हात पळवलं तर काय हुतंय? ओकतंय. अर्धपोटी ठेवा."

मी मनातल्या मनात हसत वीज उतरवली. आकडा थोडा खाली आला. "आणखी?" मी विचारलं. "आणखी," मास्तर म्हणाले. इतका गोड पराभव मी कधी कुणाला स्वतःच्या हातानं वाढला नव्हता, असं मला वाटलं. तो मी कुणाच्या ताटात वाढत होतो हे तेव्हा कळलं नाही.

पहिले दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, एसी बंद पडला, इन्व्हर्टरवर कार्ड चालू राहिलं आणि केबिनची भट्टी झाली. चौथ्या दिवशी कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. मी पुन्हा सुरू केला. पाचव्या दिवशी तीनदा सुरू केला. सहाव्या दिवशी मी केबिनमध्ये कार्डासमोर पुठ्ठा घेऊन वारा घालत बसलो होतो. बायको डबा घेऊन आली, तिनं बघितलं, डबा ठेवला आणि काही न बोलता गेली. तिच्या त्या न बोलण्याचा मला जास्त राग आला. मास्तरांच्या दुकानात मात्र एकसारखा घूं घूं आवाज येत होता आणि नरसक्का त्या आवाजाच्या ठेक्यावर विड्या वळत होती.

आठव्या दिवशी शब्बीरभाई आले. ओट्यावर पाच-सहा माणसं जमली. मी माझा आकडा मोठ्यानं वाचला. माझा मोठा होता. लोकांनी माना वळवल्या. एक क्षण, अगदी एक क्षण मला ते वाक्य ऐकू येणार असं वाटलं.

मास्तरांनी कानावरचा खडू काढला. "पास किती, सेकंड किती?"

मी पडदा खाली सरकवला. माझ्या कार्डानं धावण्याच्या नादात ढीगभर चुकीची उत्तरं दिली होती, शिवाय बंद पडलेले तास वेगळेच. मास्तरांच्या कार्डाचं एकही उत्तर नाकारलं गेलं नव्हतं. मास्तरांनी फरशीवर खडूनं दोन आडव्या रेघा ओढल्या, एक छोटी आणि एक लांब. आकडे लिहायची गरजच नव्हती. छोटी माझी होती.

"मास्टर जित्या!" शब्बीरभाई ओरडले आणि लोक हसले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. पाठीवरच्या सांत्वनाच्या थापेइतकं अपमानकारक काही नसतं. मास्तर नेहमीप्रमाणं म्हणाले, "बाराचं फिटिंग सायबांकडं करा हां," आणि मला वाटलं, हा माणूस जखमेवर मीठ चोळायला मुद्दाम मापून घेतो.

बाराही कार्डं मीच बसवली. प्रत्येकाची वीजही मीच उतरवली.

त्यानंतर काही महिन्यांनी सगळं संपलं. ज्या नाण्यासाठी ही धावपळ होती, त्या नाण्याच्या कर्त्यांनी एके दिवशी आपली रीतच बदलली. कोडी सोडवायची गरज उरली नाही. कार्डं जिथल्या तिथं बेकार झाली. लोकांनी ती मिळेल त्या भावात गेम खेळणाऱ्या मुलांना विकली आणि मास्तरांची पायरी रिकामी पडली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पहिला आठवडा मी रोज दुपारी दारात उभा राहून त्या रिकाम्या पायरीकडे बघत चहा प्यायलो. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की आपल्याकडेही कुणी येत नाहीये. फिटिंगला पाठवायला आता तिकडे कुणी नव्हतंच. तिसऱ्या आठवड्यात मी ठरवलं, मास्तरांना भेटून यावं. सांत्वनाला, असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे पडलेला माणूस जवळून बघायचा होता.

"या की सायेब," मास्तर उठून उभे राहिले. नरसक्कानं सूप बाजूला केलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या दुकानात फरशीच्या पुढं कधी गेलो नव्हतो. आत भिंतभर मांडणी, मांडणीवर पुठ्ठ्याच्या कार्डांचे गठ्ठे, दोरीनं बांधलेले, प्रत्येकावर कारखान्याचं नाव. मास्तर एकेका गठ्ठ्यावर हात ठेवत मला सांगायला लागले. ह्यो मोर. ह्यो कमळाचा. ही एका मालकाच्या लेकीच्या लग्नातली चादर, एकदाच विणली.

एका गठ्ठ्यावरचं नाव मी वाचलं आणि थांबलो. तो कारखाना मला माहीत होता. डिप्लोमा झाल्यावर माझं पहिलं मोठं काम तिथंच झालं. तिथं नवे माग आले होते, त्यांना पुठ्ठ्याची कार्डं लागत नव्हती. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची नि थेट मागाला द्यायची. ते कॉम्प्युटर मी बसवले होते. त्याच कामातून मी हे दुकान उभं केलं. मग बघून बघून आणखी चार कारखान्यांनी तेच केलं. तेही मीच बसवले. कार्डं कोण बनवत होतं, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनातही आला नव्हता.

"हे काम... माझ्या कॉम्प्युटरमुळं गेलं का, मास्तर?"

"व्हय," मास्तर म्हणाले. जसं 'आज मंगळवार' म्हणावं तसं.

नरसक्कानं मान वर केली. "लई जळत व्हते हे तुमच्यावर."

"गप ग."

"गप कशाला? तुमची पाटी चढली त्या दिवशी जेवले न्हाईत सायेब. दोन वर्सं तुमच्या दुकानाकडं पाठ करून बसायचे. म्या म्हटलं, मान आखडंल."

मी काय सांगू? वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही, पण त्याच्या आधी माझी छाती थोडी फुगली. माझ्यावर! माझ्यावर कुणीतरी जळत होतं! आयुष्यात हे सुख मला कधी मिळालं नव्हतं आणि मिळत होतं तेव्हा कुणी कळवलं नव्हतं.

मास्तर खाली बघत होते. उजवा पाय हलत नव्हता.

"सायेब, एक सांगतो. रागवू नका. शब्बीरभाई पयल्यांदा आला ना, त्यानं मला इचारलं व्हतं, कॉम्प्युटरवाला कुटं हाय म्हणून. तुमचंच गिऱ्हाईक. मला समजत न्हवतं व्हय? पण त्याच्या हातात कार्ड व्हतं. म्या म्हटलं, कार्ड हाय न्हवं? मग आण हितं." त्यांनी एका गठ्ठ्याची सैल झालेली दोरी आवळली. "लई वर्सांत कुणी माझ्या हातात कार्ड दिलं न्हवतं. म्हटलं, कसलं का असंना."

पुठ्ठ्यांचा जुना वास येत होता. मी विचारलं, "मग फिटिंगला माझ्याकडं का पाठवायचा?"

"त्या दिवशी शब्बीरभाई गेल्यावर म्या तुमच्या दुकानाकडं बघितलं. दोन वर्सांनी नीट बघितलं. पंखा फिरायलाय, दार उघडं हाय, अन् तुमी एकटेच रस्त्याकडं तोंड करून बसलाय. म्या म्हटलं, अय्यो, हे तर माझ्यावानीच बसायलंय. मग जळायचं कुणावर?"

मला फार लाज वाटली. दोन वर्षं ज्याला मी उष्टं समजत होतो त्यावर माझं दुकान चाललं होतं, आणि ते वाढणाऱ्या माणसाला ते आपल्या ताटातून काढून दिल्यासारखंही वाटलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो. माफी मागितली बहुतेक, पण कशाची ते मलाच नीट सांगता आलं नाही. मास्तरांनी हात हलवून ती उडवून लावली.

"ते जाऊ द्या. आता येतंय का कोण तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं. विचारताना ते माझ्या तोंडाकडे इतकं काळजीनं बघत होते, की खरं बोलायचा मला धीर झाला नाही.

"येतात की," मी म्हटलं. "रोज कुणी ना कुणी असतंच."

"बागुंदि," मास्तर म्हणाले. छान झालं. आणि त्यांचा पाय पुन्हा हलायला लागला.

आता माझा रोजचा नेम ठरलाय. दुपारी तीनच्या सुमाराला मास्तर पायरीवर येऊन माझ्या दुकानाकडे बघतात. त्याआधी मी एक बंद पडलेला कॉम्प्युटर टेबलावर उघडून ठेवतो, हातात स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि त्यात डोकं खुपसतो. एकच स्क्रू काढतो आणि तोच पुन्हा बसवतो. कधी फोन कानाला लावून कुणालातरी उद्या या म्हणून सांगतो. काल तर बायको डबा घेऊन आल्यावर मी तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत अर्धा तास बसवून ठेवलं, रस्त्याकडे पाठ करून.

संध्याकाळी शटर ओढताना मास्तर भेटले.

"आज लई गर्दी व्हती की सायेब," ते म्हणाले. खुर्चीतल्या माझ्या बायकोला त्यांनी ओळखलं नसेल असं मला वाटत नाही. "तुमचं बरं हाय."

"काय सांगू मास्तर," मी म्हटलं, "सकाळपासून मान वर करायला फुरसत नाही."